मदत हवी आहे: अरुंद कयाकमध्ये तोल जातो, उजवं मनगट दुखतं. हिवाळ्यात सराव कसा करू?

नमस्कार मंडळी,

विषय आपल्याकडे फारसा कुणी बोलत नाही असा आहे, पण इथे पोहणारे, ट्रेकवाले, डॉक्टर सगळेच आहेत, म्हणून विचारते.

मी मूळची सांगलीची, वय ४३. इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहते. गेल्या मार्चमध्ये इथल्या एका कयाक क्लबात नाव घातलं. कयाक म्हणजे अरुंद, लांबट होडी, दोन्ही टोकांना पाती असलेल्या एकाच वल्ह्याने चालवायची. कृष्णेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकले, पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती बघायला आयर्विन पुलावरच्या गर्दीत बाबांचं बोट धरून उभी राहायचे. त्या होड्यांत बायका कधी दिसल्या नाहीत. इथे क्लबात पहिल्या दिवशी सत्तरीच्या एका आजींना बोट खांद्यावर टाकून काठाकडे निघालेलं पाहिलं आणि त्याच संध्याकाळी फॉर्म भरला.

इथे लांब पल्ल्याच्या शर्यती असतात, त्यांना मॅरेथॉन म्हणतात. एकट्याची बोट म्हणजे के-वन: लांबी ५.२ मीटर, वजन ८ किलोच्या आसपास, मागे तळहाताएवढं सुकाणू आणि ते पायांनी फिरवायचं. वाटेत कालव्याचं लॉक (बोटींना खालच्या-वरच्या पातळीवर नेणारी पाण्याची दारं) आलं की बोट उचलून काठाकाठाने पळायचं आणि पुढे पुन्हा पाण्यात सोडायची, याला पोर्टेज म्हणतात. हॅस्लर नावाच्या मालिकेत नऊ विभाग आहेत. नवखे नवव्यात, तिथून वर चढत पहिल्यापर्यंत. सात ते नऊला साधारण ४ मैल, चार ते सहाला ८, वरच्या तिघांना १२.

एप्रिलमधल्या पहिल्या शर्यतीत मी शेवटून चौथी आले आणि घरी येऊन आईला फोनवर सगळं दोनदा सांगितलं. जूनमध्ये वेळ सुधारली, आठव्या विभागात बढती मिळाली. मे-जूनच्या त्या संध्याकाळी मी विसरणार नाही. साडेनऊपर्यंत उजेड, दर आठवड्याला क्लबची टाइम ट्रायल, काठावरच्या विलोंच्या फांद्या पाण्याला टेकलेल्या आणि पुढच्या बोटीच्या लाटेवर आपली बोट नेमकी बसली की एकदम हलकं व्हायचं. इथे त्याला वॉशवर बसणं म्हणतात. मागच्या सायकलस्वाराला पुढच्याचा आडोसा मिळतो, तसंच.

जुलैत कोचने अरुंद बोट दिली. बनवणारे बोटीच्या स्थैर्याला आकडे देतात. आकडा जितका लहान तितकी बोट नाजूक. मी आठवरून थेट पाचवर आले. सरावात जमत होतं. सप्टेंबरच्या शर्यतीत सुरुवातीलाच वीसेक बोटी एकदम सुटल्या, दोन्ही बाजूंनी लाटा आल्या आणि पहिल्या दोनशे मीटरमध्ये मी पाण्यात. बोट ओढत काठाला आणली, एका स्वयंसेवकाने ती पालथी करून रिकामी करून दिली, पण मी पुन्हा बसले नाही. गुडघे थरथरत होते. तेव्हापासून निवांत कालव्यातसुद्धा त्या बोटीत बसले की कंबर लाकडासारखी होते. पाण्याची भीती मला नाही. त्या डुगडुगण्याची बसली आहे.

दुसरं दुखणं मनगटाचं. ऑगस्टपासून उजव्या मनगटाच्या वर चार बोटांवर, अंगठ्याच्या बाजूला दुखतं. सकाळी मूठ वळवली की आत नव्या चपलेसारखं करकरतं.

आणि घाई यासाठी की क्लबातली माझी एक मैत्रीण पुढच्या ईस्टरला डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर या शर्यतीत जोडीने उतरू या म्हणते आहे. १२५ मैल, ७७ पोर्टेज. ही शर्यत १९४८ पासून चालू आहे. तिला नोव्हेंबरअखेर उत्तर हवं आहे. मला मनापासून जायचं आहे.

तर हिवाळ्यात तोल कसा सुधारू? नाजूक बोट सोडून देऊ का? मनगटाचं काय? कुणी वल्हवणारे असतील तर कृपया सविस्तर लिहा.

झुळझुळ:
ताई, मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. हात न तपासता निदान सांगणार नाही, पण तुम्ही जागा फार नेमकी सांगितली आहे. अंगठा हलवणारे दोन स्नायू मनगट मागे उचलणाऱ्या कंडऱ्यांवरून तिथेच तिरके जातात. सतत घासलं की सूज येते आणि करकर जाणवते. वल्हवणाऱ्यांमध्ये हे नेहमी दिसतं. तिकडच्या फिजिओला लवकर दाखवा. तोवर वल्हं बंद. "थोडंसं दुखतंय, चालेल" असं करू नका, ही सूज रेंगाळली की महिनोन् महिने पुरते. एक विचारते: वल्हं घट्ट धरता का?

वरचा_घाट:
हॅस्लर म्हणजे काय? गावाचं नाव का?

धागाकर्ती:
नाही, माणसाचं. ब्लाँडी हॅस्लर हे रॉयल मरीन्सचे अधिकारी. डिसेंबर १९४२ मध्ये त्यांनी घडीच्या छोट्या होड्यांतून नदीमार्गे बोर्डो बंदरावर छापा घातला होता. पाणबुडीतून पाच होड्या आणि दहा जण सुटले, परत आले दोघंच: हॅस्लर आणि बिल स्पार्क्स. या मालिकेच्या करंडकाला त्यांचं नाव आहे. बोटघरात हे कळल्यावर मी खूप वेळ गप्प होते.

झुळझुळ, हो, घट्ट धरते. शर्यतीनंतर बोटं सरळ करायला वेळ लागतो. हे तुम्हाला कसं कळलं?

थेम्सकाठ:
नमस्कार. मी अकरा वर्षं इकडे वल्हवतो आहे, त्यातली पहिली दोन तुमच्यासारखीच गेली. मला वाटतं तुमची दोन्ही दुखणी एकच आहेत.

बोट डुगडुगते म्हणून तुम्ही वल्हं आवळता. आता वल्ह्याचा कोन बघा. दोन्ही पाती एका रेषेत नसतात, एकमेकांशी कोन करून असतात. उजवा हात पक्का धरणारा, म्हणजे डावं पातं पाण्यात जायच्या आधी उजवं मनगट मागे वाकवून ते फिरवावं लागतं. मिनिटाला ६० फटके धरले तर तासाला ३,६००, म्हणजे उजवं मनगट १,८०० वेळा वाकतं. तेही मूठ आवळलेली असताना. मग करकरणारच. वल्ह्याच्या दांड्यावर जोडाजवळ आकडे असतील, ते बघून इथे सांगा. जुनी वल्ही ७५ ते ९० अंशांवर लावलेली सापडतात. हळूहळू ६० च्या खाली आणा, एकदम नको, नाहीतर पातं पाण्यात तिरकं शिरून तुम्ही त्याच क्षणी पडाल.

आता तोल. के-वनला स्वतःचा तोल असा नसतोच, तो वल्ह्यातून येतो. पातं पाण्यात रोवलेलं असतं तेव्हा तुम्हाला आधार असतो, हवेत असतं तेव्हा नसतो. घाबरलेला माणूस काय करतो? पातं अर्धवट बुडवून पटकन काढून घेतो. म्हणजे आधार कमी आणि अधांतरी वेळ जास्त. पातं पूर्ण बुडवा, पावलाजवळ घाला, नितंबाशी आलं की काढा. थांबलात की पातं पाण्यावर सपाट पसरून ठेवा. कंबर सैल. बोट खालून हलू द्यायची, छाती स्थिर राहू द्यायची. घोड्यावर बसणाऱ्यांना हे लगेच कळतं. नजर बोटीच्या टोकावर नको, पुढच्या पुलावर ठेवा.

आणि सीट. सीटखाली ठोकळे असतील तर काढून टाका. एक सेंटिमीटर खाली बसल्याने किती फरक पडतो ते बसल्यावरच कळतं. पाय ठेवायची पट्टी गुडघे किंचित वाकलेले राहतील अशी लावा, पाय ताठ असतील तर कंबर वळत नाही.

बोटीबद्दल माझं मत ठाम आहे: आठवरून पाचवर नेणं ही घाई झाली. ज्या बोटीत पूर्ण ताकद लावता येते तीच तुमची वेगवान बोट. पाचच्या बोटीत ७० टक्के जोर लावून डुगडुगत जाण्यापेक्षा आठच्या बोटीत जीव तोडून वल्हवणारा आधी पोचतो. मी हे घड्याळ लावून बघितलं आहे. कोचशी बोलून सातची मागा, आणि हिवाळाभर शर्यत आणि लांब सराव त्याच बोटीत करा.

डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टरचं म्हणाल तर जोडीची के-टू एकट्याच्या बोटीपेक्षा बरीच स्थिर असते. तोलाचा प्रश्न तिथे तुम्हाला अडवणार नाही. अडवेल ते मनगट. त्याचा निकाल लागेपर्यंत होकार देऊ नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये वॉटरसाइड मालिका असते, अंतर वाढत वाढत शेवटची डिव्हायझेस ते न्यूबरी ३४ मैलांची. त्यातल्या पहिल्या दोन करा, मग ठरवा.

गोदाकाठ:
मी नाशिकला गोदावरीत रोइंग करायचो. आमच्याकडे तोंड मागे असतं, वल्ही दोन, पण मुठीचं दुखणं तेच. आमचे सर सांगायचे, वल्हं बोटांच्या आकड्यात अडकवायचं, तळहातात दाबायचं नाही. किनाऱ्यावर खुर्चीत बसून काठी घेऊन हे रोज दहा मिनिटं करा. आणि ताई, सांगलीकर बाई इंग्लंडात वल्हं मारते हे वाचून फार बरं वाटलं.

अनुराधा_एस:
मला वल्हवण्यातलं कळत नाही, पण माझा मुलगा तिकडेच एका क्लबात आहे, म्हणून दोन गोष्टी काळजीने लिहिते. थंड पाणी म्हणजे पोहता येतं म्हणून निभावेल असं नाही. पाणी १५ अंशांच्या खाली असलं की पडल्या पडल्या श्वास अडकतो आणि माणूस नकळत पाणी ओढतो. पहिलं मिनिट-दीड मिनिट पोहायला जायचं नाही, पाठीवर तरंगत राहायचं, श्वास लागला की मग बोट धरून काठ. तरंगायचं जाकीट हिवाळ्यात कधीच काढू नका. थेम्सच्या लॉकवर जोरदार प्रवाहाचा लाल फलक लागलेला असेल त्या दिवशी नदीत उतरूच नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. २००५ आणि २०१९ चा पूर तुमच्या गावाने पाहिला आहे, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दुसरं लेप्टो. मुंबईच्या पावसात आपण ऐकतो तोच आजार, उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो. हातावरच्या जखमांना जलरोधक पट्टी लावा. पडल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला, अंग दुखलं तर डॉक्टरांना नदीत पडले होते हे आवर्जून सांगा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तराला पाच आठवडे लागले, कारण आधी करून बघायचं होतं.

थेम्सकाठ, वल्हं क्लबातल्या एकांकडून जुनं घेतलं होतं. जोडावरचा चिखल ओल्या फडक्याने पुसला, खाली आकडा ८०. हंगामभर मी तसंच वापरत होते. आता ६५ वर आहे, पुढच्या महिन्यात ६०.

झुळझुळ, फिजिओने तुम्ही लिहिलं तेच सांगितलं. तीन आठवडे वल्हं पूर्ण बंद ठेवलं. त्या काळात धावले, आणि रोज खुर्चीत बसून लाटणं घेऊन गोदाकाठ यांनी सांगितलेला सराव केला. मुलगी शेजारी बसून "आई, मूठ!" असं ओरडायची. करकर गेली आहे. जोर लावला की थोडी कळ येते.

कोचशी बोलले. त्यांनी वाद न घालता सातची बोट काढून दिली, सीटखालचा एक ठोकळा काढला. काठावरून निघाले आणि पन्नासेक मीटरवर लक्षात आलं की मी पुलाकडे बघते आहे.

क्लब हिवाळ्यात बुधवारी रात्री शाळेचा तरणतलाव भाड्याने घेतो. तिथे पाचची बोट नेली. पहिल्या तासात नऊ वेळा पडले, त्यातल्या सहा वेळा मुद्दाम. कोमट पाणी, छातीएवढं खोल, पडलं की उभं राहायचं. सातव्यांदा बोट कलली तेव्हा पातं आपोआप पाण्यावर सपाट आपटलं आणि मी बसलेलीच होते. किती वेळ तशीच बसून राहिले.

अनुराधाताई, तुमचा प्रतिसाद छापून बोटघराच्या फळीवर लावावा असं वाटतं. मागच्या रविवारी लाल फलक होता, आम्ही सगळे कालव्यावर गेलो.

मैत्रिणीला सांगितलं, वॉटरसाइडच्या पहिल्या दोन करू, मग बोलू. तिने लगेच दोघींची नावं टाकली.

आता एक शेवटचं विचारते. वल्ह्याला बांधायचे हातमोजे, ज्यांना इथे पोगीज म्हणतात, ते घातल्यावर मूठ सैल राहते का पुन्हा आवळली जाते? कुणी वापरले असतील तर सांगा, जानेवारीच्या आत घ्यायचे आहेत.

थेम्सकाठ:
घ्या. आत हात उघड्या वल्ह्यावरच असतो, त्यामुळे पकड बदलत नाही. जाड हातमोज्यांनी मात्र मूठ आवळली जाते, ते टाळा. पोगीज थोडे सैल निवडा, पडल्यावर हात पटकन सुटला पाहिजे. पहिल्यांदा त्या तरणतलावातच घालून पडून बघा.