ईमान आणि रोजचा दिवस : तुमचे अनुभव लिहा

अल्लाहवर, फरिश्त्यांवर, किताबांवर, रसूलांवर, आखिरतवर (मरणानंतरच्या हिशेबावर) आणि तकदीरवर ईमान, हे आपण सगळ्यांनी मदरशात डोलत डोलत पाठ केलंय. कलमा, नमाज, रोजा, जकात, हज ही पाच कामंही बोटांवर मोजता येतात. ते इथे पुन्हा लिहू नका, जुम्याच्या बयानात ऐकतोच आपण.

मला वेगळं वाचायचंय. हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) ईमानच्या सत्तरहून अधिक फांद्या सांगितल्यात. सगळ्यात वरची 'ला इलाहा इल्लल्लाह', आणि सगळ्यात खालची म्हणजे वाटेत कुणाला लागेल असं काही पडलेलं असेल तर ते उचलून बाजूला टाकणं. वरच्या फांदीवर आपल्याकडे भाषणं पुष्कळ होतात. खालच्यांबद्दल लिहा. दुकानात, शेतात, दवाखान्यात, भाड्याच्या घरात ईमानने तुम्हाला कुठे अडवलं, कुठे खर्चात पाडलं, कुठे सांभाळून घेतलं? ज्यांचं नमाजेशी जमत नाही त्यांनीही लिहा, मुस्लिम नसलेल्यांनी प्रश्न विचारा. अटी दोनच. कुणाचं नाव घ्यायचं नाही, आणि एकमेकांना फतवे द्यायचे नाहीत.

आडत दुकान, सोलापूर जिल्हा

आमचं भुसार मालाचं दुकान अब्बांनी सुरू केलेलं. बाजारात कडता कापायची चाल जुनी. पोत्यामागे किलो-दीड किलो वजन कमी धरायचं. ओल, माती, बारदाना, काहीतरी कारण सांगायचं. शेतकऱ्याला माहीत, हमालाला माहीत, सगळेच कापतात म्हटल्यावर त्यात चोरी कसली, असा एकूण कारभार. काट्याखाली जे सांडतं ते मातेरं, तेही दुकानदाराचंच.

अब्बांनी कडता कधी घेतला नाही. मातेऱ्याचं तर ते असं करायचे, की माप संपलं की स्वतः उकिडवे बसून झाडणीने गोळा करायचे, चाळणीतून काढायचे, खडे फेकून द्यायचे आणि राहिलेली तूर त्याच शेतकऱ्याच्या पोत्यात ओतून परत वजन करायला लावायचे. मूठ-दोन मुठी निघायची. शेतकरी कंटाळायचा, त्याला गाडी गाठायची असायची. "ऱ्हाऊ द्या की भाई!" यांचं आपलं चालूच.

आता गंमत बघा. जमातमध्ये अब्बांची ओळख 'कच्चा नमाजी' अशीच होती. फज्र (पहाटेची नमाज) बऱ्याचदा सुटायची, दाढी नव्हती, तंबाखू होती. मी त्यांच्या उलट, पाची वक्ताचा. गल्ल्यावर बसायला लागलो तेव्हा मला वाटायचं, आपण यांच्यापेक्षा दीनदार आहोत, हे जरा भोळे आहेत. नंतर कधीतरी कुरआनाच्या तिसाव्या पाऱ्यातली (भागातली) सूरह (अध्याय) मुतफ्फिफीन भाषांतरातून वाचली. ती सुरूच होते मापात मारणाऱ्यांपासून : लोकांकडून घेताना पुरेपूर मापून घेतात, आणि लोकांना मापून किंवा तोलून द्यायची वेळ आली की कमी देतात. अब्बांना ही सूरह पाठ नव्हती. त्यांना नमाजेपुरत्या पाच-सात छोट्या सूरह यायच्या.

कडता आजही घेत नाही. शेजारचे आडते म्हणतात, तू बाजार बिघडवतोस.

यावर एका वाचकाने विचारलं : मग शेतकरी तुमच्याकडेच येत असतील?

आडत दुकान : थोडे येतात. बाकीचे भाव बघतात. समोरचा क्विंटलला चाळीस-पन्नास जास्त पुकारतो आणि कडत्यात त्याच्या दुप्पट काढून घेतो. हे पाटीवर हिशेब मांडून दाखवावं लागतं, आणि तेवढा वेळ कुणाला नसतो.

शिक्षिका, जालना

मला टाइप वन डायबेटिस आहे, शाळेत असल्यापासून. रोजा ठेवायला डॉक्टरांची सक्त मनाई, कारण साखर एकदम खाली जाते. कुरआनात सूरह बकराच्या ज्या आयतींमध्ये रोजे फर्ज झाले, तिथेच आजाऱ्याला आणि प्रवाशाला सूट आहे, आणि तिथेच म्हटलंय की अल्लाहला तुमच्यासाठी सोपं व्हायला हवंय, अवघड नकोय. माझा आजार बरा होणारा नाही, म्हणून दर रोज्यामागे एका गरजूचं जेवण, फिदिया. हे सगळं मला माहीत. पण रमजानात स्टाफरूममध्ये पाण्याची बाटली तोंडाला लावली की समोरची हमखास विचारते, "मॅडम, आज रोजा नाही?" आणि हे विचारणाऱ्या निम्म्या आपल्याच बायका असतात. सुरुवातीला मी बाथरूममध्ये जाऊन बिस्किटं खायचे. सूट ज्याने दिली त्याच्यापासून लपायचं नव्हतंच, मग बायकांपासून कशाला, असं वाटून ते बंद केलं.

खरं सांगायचं तर रोजा न ठेवता ईमान सांभाळणं मला जास्त जड जातं. मगरिबची अजान झाली की दस्तरखानावर सगळ्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते माझ्या चेहऱ्यावर येत नाही. मी दुपारी वरणभात खाल्लेला असतो. तरी बसते. सासूबाई खजुराचं ताट फिरवताना पहिली माझ्याकडे येतात, आणि मशीनवर आकडा किती आला ते विचारून अर्धा किंवा अख्खा देतात.

मूळ रत्नागिरी, सध्या दोहा

वातावरण जड झालंय, म्हणून जरा हलकं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. खोलीत बाकीचे हनफी (दोन्ही सुन्नींचेच पंथ, नियम थोडे वेगळे), एक मराठवाड्याचा, दोन यूपीचे. शाफईंना समुद्रातलं सगळं चालतं, हनफींना मासळी सोडून बाकी नाही. कोलंबीवर त्यांच्या आलिमांतच मतभेद, पण कुर्लीवर (खेकड्यावर) नाहीत. पहिल्यांदा मी कुर्ल्यांचं कालवण टाकलं तर यूपीवाल्याने टोपात डोकावून असं तोंड केलं की जसं काही मी विंचू शिजवतोय. असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजेचंही तेच, आमची वेळ आधी होते, त्यांची उशिरा.

वाद झाले, मग वाद घालायचाही कंटाळा आला. आता कुर्ल्यांना वेगळा टोप आहे. मराठवाडेवाला मात्र रस्सा कोलंबीचाच आहे असं समजून खातो. मी कशाला बोलू!

संयोजक : हा अनुभव ठेवतोय, पण रश्श्यावर इथे चर्चा नको.

शेतकरी, लातूर जिल्हा

आमची जमीन कोरडवाहू. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा उश्र म्हणून काढायचा, पाणी विकत घेऊन किंवा मोटारीने भिजवलं असेल तर विसावा. दादा असेपर्यंत खळ्यावरच वाटा निघायचा. रास झाली की पहिले उश्राचं पोतं बाजूला, मग घरात. आता रास होत नाही, हार्वेस्टर येतं, सोयाबीन परस्पर बाजारात जातं आणि पैसे खात्यावर येतात. खात्यावरच्या पैशातून दहावा हिस्सा काढायला जास्त छाती लागते, बघा.

आम्हा भावांत यावरून दरसाल वाजतं. धाकटा म्हणतो, बियाणं, खत, फवारणी, मजुरी वजा करून जे उरंल त्याचा दहावा काढू. आमच्या मसलकमध्ये (पंथात) खर्च वजा होत नाही, आलेल्या सगळ्या मालावर उश्र. धाकटा म्हणतो, हा मसला (नियम) झाला तेव्हा फवारणीचा खर्च होता का? त्याचंही चूक नाही. ज्या साली उतारा एकरी तीन क्विंटलवर आला त्या साली उश्र काढून सोसायटीचं कर्ज भरायला पैसे उरले नाहीत. काढला मात्र. थोरल्या भावजयीने पाटल्या मोडल्या, तिचं नाव कुणी घेत नाही म्हणून इथं सांगतो.

2016 ला आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तुम्ही वाचलं असंल. त्याच्या आदल्या साली गावाबाहेर पडीक रानात इस्तिस्काची नमाज झाली. पावसासाठीची. लहान पोरं, म्हातारी माणसं, सगळे उन्हात. दुवेला हाताची पालथी बाजू आभाळाकडं करतात, इमामसाहेब अंगावरची चादर उलटी करून घेतात. पाऊस नाही आला. पोरं घरी येऊन विचारायला लागली, आता? त्यांच्या आज्यानं सांगितलं, आता बोअरचं बघू.

एक वाचक : मी हिंदू आहे. प्रश्न प्रामाणिक आहे. सगळं तकदीरमध्ये लिहिलेलं असेल तर बोअर कशाला मारायची?

शेतकरी, लातूर : पैगंबरांना (स.) एकानं विचारलं होतं, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू? ते म्हणाले, बांध, आणि भरवसा ठेव. बोअर मारली, कोरडी गेली, ती तकदीर. न मारता बसलो तर तो आळस.

पुणे

मी लिहू की नको असं चाललं होतं. मी नमाज पढत नाही. आमच्या घरात समाजसुधारक हमीद दलवाईंच्या विचारांचा शिरकाव फार आधी झाला. त्यांनी 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, त्याच्याशी घरातल्या मोठ्यांचा संबंध होता. त्याआधी 1966 मध्ये तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत मोर्चा काढला होता, ही गोष्ट मी इतर मुलांनी नबींच्या कहाण्या ऐकाव्यात तशी ऐकलेली.

तरी आजीला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा मी तिच्या कानाशी सूरह यासीन वाचली. मोबाइलवर देवनागरीत, अडखळत. तिला हवी होती म्हणून. मला काय झालं ते मलाही नीट सांगता येत नाही, आणि 'शेवटी परतलीच बघा' असं कुणी म्हणू नये, कारण परतले नाहीये. सूरह हुजुरातमध्ये खेडवळ अरबांना सांगितलंय की आम्ही ईमान आणलं असं म्हणू नका, आम्ही ताबेदारी पत्करली म्हणा, ईमान अजून तुमच्या काळजात उतरलेलं नाही. ही आयत मला आवडते. तिच्यात निदान प्रामाणिकपणाला जागा आहे.

निवृत्त मुख्याध्यापक, मिरज

पुण्याच्या ताईंना सल्ला देत नाही, संयोजकांची अट आहे. पण पढणाऱ्यांचीही अवस्था फार वेगळी नसते, म्हणून एक प्रसंग. हंजला नावाचे सहाबी (पैगंबरांचे साथी) एकदा 'हंजला मुनाफिक (ढोंगी) झाला' म्हणत निघाले. वाटेत हजरत अबू बक्र (रजि.), पुढे पहिले खलिफा झाले ते, भेटले. काय झालं? तर म्हणे, पैगंबरांजवळ (स.) बसलो की जन्नत-जहन्नम डोळ्यांसमोर दिसते, आणि घरी बायकापोरांत, शेतीवाडीत शिरलो की पुष्कळसं विसरून जातो. अबू बक्र म्हणाले, माझंही तसंच होतं! दोघं मिळून पैगंबरांकडे गेले. ते म्हणाले, तुम्ही कायम त्याच अवस्थेत राहिलात तर फरिश्ते तुमच्या बिछान्यावर आणि रस्त्यात येऊन मुसाफा (हस्तांदोलन) करतील. पण हंजला, ही घडी वेगळी, ती घडी वेगळी.

मी नमाजेत उभा राहतो आणि दुसऱ्या रकातीपर्यंत मला पेन्शनच्या फरकाची आठवण होते. अबू बक्रांचंही असं व्हायचं म्हटल्यावर जरा धीर येतो.

बार्शीकडची

मी मय्यतला (मृतदेहाला) गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, देते. बायकांना बायकाच घालतात. हे काम खालाकडून (मावशीकडून) शिकले. पाण्यात बोरीचा पाला उकळायचा, शेवटच्या पाण्यात कापूर. आमच्याकडे पाला मिळतो, शहरातल्या बायका साबणावर भागवतात. अंगावर चादर कायम ठेवायची, तिच्याखालून हात फिरवायचा, उजव्या बाजूने सुरुवात. पाणी विषम वेळा घालायचं, तीन नाहीतर पाच. अंग जिवंत माणसाचं धुवावं तसं हलक्या हाताने धुवायचं. बाईच्या कफनला पाच कपडे लागतात.

पहिला नियम हा, की तिथे जे दिसलं ते तिथेच सोडायचं. मय्यतचं ऐब (दोष) झाकणाऱ्याला अल्लाह माफ करतो, अशी हदीस आहे. एका म्हाताऱ्या आजींना गुस्ल देताना मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण दिसलं. फुलं, ठिपके, एक नाव. आता गोंदणं आपल्यात मना आहे. मदतीला आलेली शिकलेली मुलगी जवळजवळ ओरडलीच, "हे काय!" खालाने तिच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि तिला बाहेर कापूर कुटायला बसवलं. मग तो हात इतर अंगासारखाच धुतला, ना जास्त ना कमी. बाहेर आल्यावर सुनेने विचारलं, सगळं ठीक ना? खाला म्हणाल्या, चेहरा खूप शांत होता.

इथे लिहितेय कारण गाव सांगितलेलं नाही, आणि त्या घरातलं आता कुणी तिथे राहत नाही.

बऱ्याच बायका विचारतात, भीती नाही वाटत? नाही वाटत. आखिरतवर ईमान आहे असं तोंडाने म्हणणं निराळं. इथे हाताला थंड लागतं. घरी येऊन आंघोळ करते, चहा टाकते, आणि त्या दिवशी भाजीवाल्याशी भांडत नाही एवढं खरं.

आयटीतला, हिंजवडी

माझा मुद्दा रोकडा आहे. व्याज हराम, द्यायचंही आणि घ्यायचंही. पगार चांगला आहे, बँक गृहकर्ज द्यायला तयार आहे, मी घेत नाही. भाड्याने राहायचं म्हटलं तर फोनवर नाव सांगितलं की फ्लॅट 'कालच गेलेला' असतो. बायको विचारते, दर अकरा महिन्यांनी सामान बांधायला लावणं हे ईमान आहे का? युरोपातल्या फतवा परिषदेने 1999 मध्ये तिथल्या मुसलमानांना राहत्या घरासाठी गरज म्हणून सूट दिली होती, हे तिने शोधून काढलं. आपल्याकडच्या बहुतेक मुफ्तींना ते मान्य नाही.

आम्ही मामा-चुलत्यांत मिळून भिशी लावली आहे. चिठ्ठीची, लिलावाची नाही, कारण लिलावात घाई असणारा कमी रक्कम उचलतो आणि बाकीचे तो फरक खातात, म्हणजे मागल्या दाराने व्याजच. पहिली चिठ्ठी ज्याला सर्वांत कमी गरज होती त्यालाच लागली. त्याने ती सोडली नाही. तकदीर! माझा नंबर येईपर्यंत प्लॉटचा भाव कुठे गेलेला असेल ते मी एक्सेलमध्ये बघतो आणि फाइल बंद करतो.

मला सल्ला नकोय. एकच माहिती हवी. बचत खात्यावर आपोआप जमा होणारं व्याज तुम्ही कुठे देता? सवाबची (पुण्याची) नियत न ठेवता द्यायचं हे ठाऊक आहे.

आडत दुकान, सोलापूर जिल्हा : अब्बा बाजारातल्या सार्वजनिक संडासाच्या दुरुस्तीला द्यायचे. मीही तेच करतो. यंदा दोन दारं आणि कडी-कोयंडे झाले.

शिक्षिका, जालना : आम्ही ओळखीतल्या एकांना कर्जाचं व्याज फेडायला दिलं, व्याजातून व्याज.

आयटीतला : हे चालतं?

संयोजक : फतवे नकोत म्हटलं होतं. मुफ्तीसाहेबांना विचारा आणि काय म्हणाले ते इथे येऊन लिहा.