फीड बघायला कॉम्प्युटरवर काय वापरता? अनुभव लिहा

फोंडेकरीण
चवथीआधीची साफसफाई चाललीय. माळ्यावरून जुना लॅपटॉप निघाला, बॅटरी फुगलेली होती ती काढून टाकली आणि नुसत्या चार्जरवर लावला तर चक्क चालू झाला! आत ट्वीटडेक तसंच पडलेलं, ट्विटर-फेसबुकवरच्या पोस्टी एका खिडकीत कॉलम करून दाखवायचं ते. ते अर्थातच चालत नाही, ते अडोबी एअरवर चालणारं जुनं व्हर्जन २०१३ मध्येच बंद झालं. पण फोटोंच्या फोल्डरात २०१० चा एक स्क्रीनशॉट सापडला आणि मी तिथेच शिडीवर बसून राहिले.

चार कॉलम. पहिल्यात सगळे, दुसऱ्यात फेसबुक, तिसऱ्यात आमच्या नाट्यमंडळाचं नाव कोणी घेतलं तर ते, आणि चौथा नुसता दादाचा. दादा तेव्हाही बोटीवर होता. बंदर लागलं की कुठेतरी बसून दोन ओळी टाकायचा, "पोचलो, जेवलो, थंडी आहे" एवढंच. इकडे टिंग वाजलं की आई हातातलं वाटण तसंच ठेवून हाक मारायची, काय म्हणतो गो तो? मी वाचून दाखवायचे आणि मग ती "जेवला ना, बरं" म्हणून परत आत.

आता दादा इन्स्टावर, मंडळाचं पेज फेसबुकवर, नाटकवाले सगळे यूट्यूबवर, आणि आपण काय बघायचं ते दुसरंच कोणीतरी ठरवतं. दादाने सोमवारी टाकलेला फोटो मला शुक्रवारी दिसतो. जत्रेच्या नाटकाचं काम मी कॉम्प्युटरवरच करते, तिथेच एका खिडकीत सगळं दिसेल असं काहीतरी हवंय. तुम्ही काय निवडलं, का निवडलं, का सोडलं ते लिहा प्लीज, कितीही मोठं झालं तरी मी वाचणार आहे.

पणजी डेस्क
ट्वीटडेक!! आम्ही न्यूजरूममधले त्याच्यावरच वाढलो. २००८ ला आलं, २०११ ला ट्विटरने विकत घेतलं, २०१३ ला त्यातला फेसबुकचा भाग काढला आणि २०२३ ला नाव बदलून एक्स प्रो, ते पैसे भरणाऱ्यांनाच. म्हणजे तुझ्या त्या स्क्रीनशॉटमधला दुसरा कॉलम आता कुठल्याच भावाने परत मिळायचा नाही.

मे २०२१, तौक्तेची रात्र. ऑफिस जनरेटरवर, माझ्यासमोर सहा कॉलम, एकात हवामान खातं, एकात तालुक्यांचे आमचे वार्ताहर, एकात नुसता गोवा शब्द. झाड कुठे पडलं, कुठला रस्ता बंद, लोक फोटो टाकत होते आणि ते जसं घडलं त्याच क्रमाने वरून खाली येत होतं. क्रम हीच त्याची खरी ताकद होती. २०१६ मध्ये ट्विटरने मुख्य फीड "तुमच्यासाठी महत्त्वाचं" असं वरखाली करायला घेतलं तेव्हा आम्हाला डेस्कवर फरक पडला नाही, कॉलम तसेच वेळेप्रमाणे चालायचे.

आता काय करतो तर एक्सवरच, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, लिस्टा. दहाबारा खात्यांची एक खाजगी लिस्ट बनवायची, कोणाला कळत नाही आपण कोणाला घातलं ते, आणि ती ब्राउझरात वेगळ्या टॅबला उघडी ठेवायची. फुकटात काम भागतं.

काणकोणची
आमचा छोटा होमस्टे आहे, माझ्यासाठी बघणं कमी आणि टाकणं जास्त. पूर्वी एक अ‍ॅप घेतलेलं, नाव सांगत नाही, सगळी खाती एकाच खोक्यात, वर बारीक टिकमार्क करायचा कुठे जाणार ते. चवथीच्या दिवशी घाईत माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगतो त्या फळाफुलांचा, फोटो आणि खाली "मामी, शिपटं डावीकडे कललंय, काकाला सांग" हे मामीच्या जागी होमस्टेच्या पेजवर गेलं, आणि रात्री आरती संपून फोन हातात घेईपर्यंत मला पत्ताच नाही 😭 जर्मनीच्या एका बाईने खाली विचारलेलं की ही टांगलेली फळं खायची असतात का!

तेव्हापासून घरचं आणि धंद्याचं एका अ‍ॅपात ठेवत नाही. क्रोममध्ये दोन प्रोफाइल, घरची हिरवी, धंद्याची लाल. पेजसाठी फेसबुकवाल्यांचंच मेटा बिझनेस सूट, त्यात फेसबुक पेज आणि इन्स्टाचं बिझनेस खातं दोन्हीकडे एकदम शेड्यूल होतं, पैसे नाहीत. कुठलं अ‍ॅप म्हणालं की तुमच्या पर्सनल फेसबुकवर आपोआप पोस्ट करून देतो तर लांब राहा, ऑगस्ट २०१८ पासून फेसबुकने बाहेरच्या अ‍ॅपना ती परवानगीच ठेवलेली नाही.

डिचोलीकर
मग शिपटं सरळ केलं की नाही काकाने?

काणकोणची
केलं हो 😄 आणि त्या बाईला मी सविस्तर लिहिलं, चिबूड तोरिंजन सगळं, ती पुढच्या वर्षी चवथीलाच येऊन राहिली.

वेर्णा शिफ्ट
नाइट शिफ्टच्या ब्रेकमध्ये लिहितोय, चुका पोटात घाला.

ताई माझं स्पष्ट मत, अ‍ॅप नंतर निवडा, आधी फीड कोणाच्या ताब्यात आहे ते बघा. मी गूगल रीडरवाला, ब्लॉग आणि साइटींवरचं नवीन सगळं एका जागी वाचायचं अ‍ॅप होतं ते. १ जुलै २०१३ ला ते बंद झालं, पण जाताना माझी सगळी यादी एका फाइलमध्ये उतरवून मिळाली, त्याला ओपीएमएल म्हणतात, शंभरेक ब्लॉग आणि साइट होत्या. ती फाइल आधी एका अ‍ॅपात घातली, ते आवडलं नाही, दुसऱ्यात घातली, आता थंडरबर्डमध्ये आहे. अ‍ॅप गेलं तरी यादी माझीच. तुमच्या ट्वीटडेकच्या कॉलमांचं तसं झालं नाही कारण ते सगळं त्यांच्या दारातून यायचं, त्यांनी दार लावलं की संपलं. २०२३ च्या जानेवारीत ट्वीटबॉट आणि ट्विटरिफिक ही ट्विटर बघायची बाहेरची अ‍ॅप अशीच एका झटक्यात गेली, लोक वर्षानुवर्षं वापरत होते.

थंडरबर्ड म्हणजे मेलचंच अ‍ॅप, पण त्यात नवीन खातं उघडताना फीडचं खातं असा पर्याय असतो. साइटचा आरएसएस पत्ता, म्हणजे नवीन पोस्टी जिथून आपोआप येतात तो पत्ता, द्यायचा, बस. यूट्यूबच्या प्रत्येक चॅनलला अजून असा फीड आहे, तुमचे नाटकवाले त्यात बसतील. मॅस्टोडॉनवर, ते ट्विटरसारखंच आहे, कोणी असेल तर त्याच्या पानाच्या पत्त्याला शेवटी डॉट आरएसएस लावलं की झालं. फेसबुक इन्स्टा मात्र देत नाहीत, तिथे उपाय नाही.

वाळपय
आमच्याकडे पावसात रेंज म्हणजे सकाळी सात ते नऊ, ती पण अंगणातल्या फणसाखाली. वेर्णावाले म्हणतात तेच मी करतो पण कारण वेगळं, थंडरबर्ड एकदा सगळं ओढून ठेवतं आणि मग दिवसभर नेट नसलं तरी वाचता येतं. खाली पोचलो की संपतं पण. फोनवर ते संपतच नाही, अर्धा तास कधी गेला कळत नाही, बायको ओरडते.

कोणाकडे बारका यूपीएस आहे का राउटरपुरता? लाइट गेली की राउटर पंधरा मिनिटं पुरला तरी चालेल.

डिचोलीकर
आहे माझ्याकडे, १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो. फक्त राउटरच्या अडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघून घे, ९ चे पण असतात.

वाळपय
१२ च आहे. देव बरें करूं.

पेटीमास्तर
मी हार्मोनियम शिकवतो, माझी फीड म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपच. क्लासचा नंबर वेगळा, भजनी मंडळाचा वेगळा, शिवाय टेलिग्राम आणि मेल. शिष्याने फर्डियम घालून दिलं, डाव्या बाजूला सगळ्यांची चिन्हं ओळीने, क्लिक करत जायचं, दोन्ही नंबर शेजारी शेजारी. आत प्रत्येक सेवा म्हणजे एक ब्राउझरच उघडलेला असतो म्हणून मेमरी पुष्कळ लागते, माझा लॅपटॉप ४ जीबीचा, तो वाढवून ८ केला. पण फोंडेकरीणताईंना जे पाहिजे, सगळ्यांचं एकत्र मिसळून एक फीड, ते यात होत नाही, आधीच सांगतो. खोल्या शेजारी शेजारी, भिंती तशाच.

बाकी ताई जत्रेला यंदा संगीत नाटक की सामाजिक? ऑर्गन कोण वाजवतो?

फोंडेकरीण
संगीत! ऑर्गनला यंदा कोणी ठरलेलं नाही मास्तर, मी मेसेज करते तुम्हाला 🙏

सगळ्यांना मनापासून थँक्यू. काल रात्री जेवणं झाल्यावर बसले. थंडरबर्ड घातलं, अकरा नाटकवाल्यांची यूट्यूब चॅनलं एकेक करून चिकटवली, एकाची तालीम परवाच पडलेली, मला फोनवर दिसलीच नव्हती. मंडळाच्या पेजला बिझनेस सूट.

राहिला दादा. त्याला सांगितलं की इन्स्टाचं काही इथे येत नाही. तो म्हणाला अगो मग मी मेलच करीन ना. तर आता डावीकडे फीडच्या वर एक फोल्डर केलाय, दादा नावाचा, त्याची मेल आपोआप त्यात पडते आणि आवाज पण ठेवलाय.

आज सकाळी पहिली आली. विषय रिकामा, आत तीन फोटो, एकात नुसतं पाणी, आणि खाली "पोचलो. जेवलो." आई आता कानाने कमी ऐकते, आवाज तिला गेला नाही, मी लॅपटॉपच उचलून आत नेला.

काणकोणची
अगो रडवलंस सकाळी सकाळी. बोट कुठे लागलीय?

फोंडेकरीण
लिस्बन.

पणजी डेस्क
आमचे पपा पण बोटीवर होते. लिस्बनहून एकदा पोस्टकार्ड आलेलं, घरी पोचलं तेव्हा पपा त्याच्या आधीच येऊन पोचले होते. शोधतो आज, असेल कपाटात.