ओरिएंटल लिलीचं बी उगवत नाही? कुंडी ओतून टाकू नका

दोन महिन्यांत कोंब दिसला नाही, म्हणजे बी मेलं असं नाही. आशियाई आणि कर्ण्यासारख्या फुलांच्या लिली साधारण २० अंश सेल्सियसला ३ ते ६ आठवड्यांत पान काढतात. ओरिएंटल आणि मार्टागन या गटांतल्या लिली मात्र आधी मातीखाली नुसता कंद धरतात. बी दमट व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज; मुठीत दाबल्यावर पाणी गळता कामा नये) मिसळून पिशवीत ३ महिने १८ ते २१ अंशांना ठेवा. इवलेसे कंद दिसले की ३ महिने फ्रिजमध्ये, ४ अंशांच्या आसपास. मग कुंडीत. कंद धरण्याआधीच थंडी दिली तर ती वाया जाते.

पेरण्यापूर्वी बी उजेडासमोर धरा. मधोमध गर्भाची बारीक रेघ दिसली तरच ते भरलेलं, बाकी भुसा.

दोन जातींचा संकर करून स्वतःच बी धरायचं असेल, तर कळी उमलायच्या आधीच परागकोश चिमट्याने काढा. कुक्षी (स्त्रीकेसराचं टोक) चिकट झाली की पराग लावा आणि वर फॉइलची टोपी बसवा. आशियाई आणि ओरिएंटल यांचा थेट संकर घरी सहसा फसतो: गर्भ धरलाच तरी तो अर्धवट वाढून मरतो, प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. सुरुवात दोन आशियाई जातींपासून केलेली बरी.