सोसायटीची रविवारची सायकल राइड: येळ्ळूरची पाणंद नको, उचगाव धरूया

बी-३०४ अण्णा: रविवारचा रस्ता बदलूया. बेळगावजवळच्या येळ्ळूर शिवारातली पाणंद काढून टाका. पावसानं उघडीप दिलीय.

ए-१०२ अक्का: उघडीप असेल तर बरंच की अण्णा! नको कशाला?

बी-३०४ अण्णा: तिथंच फसायला होतं अक्का. काळी माती भर पावसात परवडली. पातळ राड असते, चाकावर चढते आणि पुढच्या डबक्यात धुऊन जाते. उघडीप पडून दिवस-दोन दिवस झाले की तिची कणीक होते. टायरवर एक थर, त्यावर गवत, त्यावर परत थर. शंभर पावलांत चाक फ्रेममध्ये गच्च. त्यात बळ्ळारी नाल्याच्या अंगानं भाताची चिखलणी चाललेली असते. केज व्हील (लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं) लावलेले ट्रॅक्टर त्याच पाणंदीतून ये-जा करतात. मग वाफा कुठला आणि वाट कुठली, कळत नाही.

सी-२०१: मग कुठं जायचं?

बी-३०४ अण्णा: हिंडलगा, सुळगा, उचगाव, तिथून बेक्किनकेरेकडच्या शेतवाटा. तांबडी माती, खाली मुरूम. पाणी निचरतं. घसरायला होतं, पण चिकटत नाही. कच्च्या वाटेला तासाला ८-१० किलोमीटर धरा, डांबरीवरचा हिशेब लावू नका. ६ ला गेटवर.

ए-१०२ अक्का: माझी हायब्रिड सायकल आहे, टायर ७०० × ३८, म्हणजे ३८ मिमी रुंद. चालेल काय?

डी-१०३ काका: टायर चालेल, मडगार्डचं बघा. पूर्ण लांबीचे असतील तर काढा. टायर आणि मडगार्डमध्ये करंगळी जात नसेल तर चिखल तिथंच आधी अडकणार. टायर आणि फ्रेमच्या मधे दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी जागा हवी, ८-१० असली तर उत्तम. २५-२८ मिमीच्या रोड टायरवाल्यांनी उचगावपर्यंत डांबरीनं यावं आणि तिथून माघारी फिरावं. वाईट वाटून घेऊ नका.

सी-२०१: हवा किती?

डी-१०३ काका: वजन ७०-७५ किलो, टायर २९ × २.२५ इंची, आत ट्यूब, तर पुढं २४, मागं २७ पीएसआय. अक्का, तुमच्या ३८ ला पुढं ४०, मागं ४५. त्याहून कमी केलीत तर दगडावर ट्यूब रिमखाली चेंगरते आणि शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. एकच पॅच लावून पंप मारत बसाल आणि हवा दुसरीकडनं जात राहील. तेव्हा दोन्ही शोधा. बाभळीचा काटा असेल तर टायरच्या आतून बोट फिरवून तो काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. आणि पंप लावायच्या आधी व्हॉल्व्हवर बाटलीतलं पाणी ओता, नाहीतर चिखल पंपात जातो.

बी-३०४ अण्णा: रिम ब्रेकवाल्यांनी पॅड आज बघा. त्यावरच्या खाचा दिसत नसतील तर बदला. तांबड्या मातीतली रेती पॅड आणि रिम दोन्ही खाते, कानसच म्हणा. डिस्कवाल्यांना पावसाळ्यात रेझिनपेक्षा सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड टिकतात. आवाज जरा जास्त करतात, असू दे. फक्त रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, "रेझिन ओन्ली" लिहिलंय का, ते आधी वाचा. आणि जास्तीचा हँगर बरोबर ठेवा, म्हणजे मागचा डिरेलर (चेन गियरवर सरकवणारा भाग) फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा.

सी-२०१: हँगर बरोबर ठेवा म्हणता, तो तुटतो कसा?

बी-३०४ अण्णा: सांगतो. भाताचं पिंजर किंवा उसाचा पाला मागच्या डिरेलरच्या दोन छोट्या चाकांत गुंततो. चेन पुढं सरकत नाही, पेडल जड लागतं. माणूस म्हणतो चिखल आहे, मार जोर! मग डिरेलर वर ओढला जाऊन स्पोकमध्ये जातो. हँगर मऊ धातूचा असतो. फ्रेमऐवजी त्यानं तुटावं म्हणूनच तसा केलेला. त्यामुळं पेडल अचानक जड लागलं की पाय थांबवा, अर्धा फेरा उलटा फिरवा, खाली उतरा, पाला हातानं काढा. चिखलातला जडपणा हळूहळू येतो, हा एकदम येतो. फरक पायाला कळतो.

डी-१०३ काका: तरी तुटलाच तर डिरेलर सोडवा, चेन तोडून आखूड करा. पुढं मधली आणि मागंही मधली चकती, चेन सरळ रेषेत. क्विक लिंकनं (चेन जोडायच्या सुट्या कडीनं) जोडा. मग गियरला हात लावायचा नाही, उभं राहून जोर द्यायचा नाही. डांबरीपर्यंत आरामात पोचाल. क्विक लिंक ८, ९, १०, ११ स्पीडची वेगवेगळी असते, आपल्या चेनची घ्या.

ए-१०२ अक्का: चिखलात चालवायची कशी ते पण सांगा की कुणीतरी.

बी-३०४ अण्णा: चिखल लागायच्या आधी हलका गियर टाका, आत शिरल्यावर नको. बसूनच, वजन जरा मागं, पेडल एकसारखं. पुढचा ब्रेक विसरा. ट्रॅक्टरच्या चाकोरीत शिरलात की तिच्यातच राहा, तिरकं बाहेर यायला गेलात की पुढचं चाक सरकलंच. दोघांत तीन-चार सायकलींचं अंतर. फाट्यावर पुढच्यानं थांबायचं आणि शेवटचा आला की निघायचं. चाक गच्च झालं तर ढकलू नका, उचला. ढकललं की आणखी गोळा होतो. काठीनं खरवडा, खिशात लाकडी पट्टी ठेवा.

आणि बांधावरून सायकल नाही म्हणजे नाही. ओला बांध खचला की वाफ्याचं पाणी निघून जातं आणि नुकतं लावलेलं रोप उघडं पडतं. शेतकरी ओरडला तर त्याचं बरोबर आहे.

सी-४०१ डॉक्टर वहिनी: पायाला जखम असेल तर वॉटरप्रूफ पट्टी लावा, किंवा सरळ घरी राहा. भाताच्या साचल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) येतो. घरी आल्यावर साबणानं पाय धुवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर डॉक्टरांना "चिखलात गेलो होतो" हे आपणहून सांगा.

सेक्रेटरी: सगळं झालं, आता माझं ऐका. पार्किंगच्या नळाखाली सायकल धुवायची नाही. माती जाळीतून चेंबरमध्ये जाऊन बसते आणि साफसफाईचं बिल सगळ्यांच्या मेंटेनन्सवर येतं.

डी-१०३ काका: बरोबर. मागं नारळाजवळ धुवू, पाणी मातीत जिरेल. आधी पट्टीनं सुका गोळा काढा, नंतर पाण्याचा मग आणि ब्रश. माणशी दोन बादल्या पुरतात.

सी-२०१: वॉशिंग सेंटरला पाच मिनिटांत होतं की.

डी-१०३ काका: ती पाण्याची प्रेशर गन सायकलला लावू नको रे. हब (चाकाचा मध्य), हँडलची बेअरिंग, बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाची बेअरिंग), तिन्हीकडं पाणी सीलच्या आत घुसतं आणि ग्रीस जातं. आठवड्यात करकर सुरू. धुतल्यावर सीटपोस्ट काढून सायकल उलटी धर, फ्रेममधलं पाणी बाहेर येईल. चेन फडक्यानं कोरडी करून प्रत्येक रोलरला वेट ल्यूबचा (ओल्यात टिकणाऱ्या चेन तेलाचा) एकच थेंब. दहा मिनिटांनी बाहेरचं पुसून घे, वरचं तेल फक्त रेती धरतं. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे वंगण नव्हे. आणि तो डिस्कजवळ मारलास तर ब्रेक गेले.

सेक्रेटरी: नारळाजवळचा नळ ११ ते १२ चालू ठेवायला सांगतो. बादल्या आपापल्या.

सी-२०१: अण्णा, माझा हँगर तुमच्यासारखाच दिसतोय. तुमच्याकडं जास्तीचा आहे ना? फोटो टाकू?

बी-३०४ अण्णा: फोटोवरनं कळत नाही. मागचं चाक काढून सायकल खाली आण, स्क्रूची भोकं जुळवून बघू.