मदत हवी आहे: मातीच्या भिंतीच्या घरात कमोडवरून उठायला आधार कसा करावा?

धाकट्या भावाला लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी (खांदे आणि कंबरेभोवतीचे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा जनुकीय आजार) आहे, जनुकीय तपासणी झालेली आहे. वय २६, उंची ५ फूट ७ इंच, वजन ६८ किलो. साताऱ्यात जुन्या घरात भाड्याने राहतो. सपाटीवर तो हळू चालतो, पण मांड्या आणि कंबरेत जोर नसल्याने बसल्या जागेवरून उठता येत नाही. खांदेही कमजोर, त्यामुळे हातांवर पूर्ण भार पेलत नाही.

कमोडवर ४ इंची प्लॅस्टिकची उंच सीट लावली, ती डगमगते. कमोड खुर्ची उठताना मागे सरकते. काखेत हात घालून उचललं की त्याचा खांदा दुखावतो, म्हणून फिजिओथेरपिस्टनी कंबरेला पट्टा बांधून उठवायला शिकवलं. मला ते जमतं. दुपारी आई एकटीच असते, तिला झेपत नाही, म्हणून मी येईपर्यंत तो पाणी पिणंच टाळतो. याची मला फार काळजी वाटते.

भिंती मातीच्या, त्यात हँडल टिकत नाही. खाली शहाबादी फरशी, दार २४ इंच. व्यायाम ठरवून दिलाय. या आजारात अतिश्रमाने स्नायूंना इजा होऊ शकते, त्यामुळे जास्त व्यायाम कृपया सुचवू नका. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे.

सातारा, कराड किंवा सांगलीत कुणी फॅब्रिकेटरकडून कमोडच्या दोन्ही बाजूंना जमिनीत बोल्ट केलेली स्टीलची फ्रेम करून घेतली आहे का? शहाबादीत बोल्ट टिकले का, आणि सीटची उंची किती ठेवली?