मदत हवी आहे: हृदयातलं 'कार्प' प्रथिन नक्की कुणाच्या बाजूचं?

मंडळी, वडोदऱ्याहून लिहितेय, दांडिया बाजार. एमएस्सीच्या सेमिनारला एएनकेआरडी-१ जनुकाचं प्रथिन, म्हणजे कार्प घेतलंय. ३१९ अमिनो आम्लांचं. स्नायूपेशीत ते टायटिनच्या (स्नायूतलं स्प्रिंगसारखं लांबलचक प्रथिन) एन२ए नावाच्या भागाला धरून असतं आणि केंद्रकात वायबी-१ या दुसऱ्या प्रथिनाच्या जोडीने एमएलसी-२व्हीसारख्या (हृदयस्नायूच्या आकुंचनातल्या प्रथिनाचं जनुक) जनुकांचं ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे जनुकावरून आरएनए बनणं, दाबतं. इथवर ठीक. हृदयावर ताण आला की कार्प वाढतं. पण ते वाचवायला की बिघडवायला? त्यात उंदरांतून हे जनुक काढलं तरी हृदय नीट चालतं म्हणे! डोकंच चक्रावलं. सर म्हणतात, एक बाजू घे. कशी घेऊ? मॉलिक्युलर बायोलॉजीतलं कुणी असेल तर सांगा ना. मराठीत उत्तम, गुजरातीही चालेल.