ऑनलाइन किती, फळ्यावर किती? तुमचे अनुभव लिहा

अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. ऑक्टोबर 2021मध्ये वर्ग भरले तेव्हा वाटलं, ऑनलाइन सुटलं एकदाचं. सुटलं नाही. आता डेरिव्हेशन रेकॉर्ड करून देतो आणि तासाला गणितं घेतो. निम्मी पोरं व्हिडिओ न बघताच येतात, हा भाग वेगळा. तुम्ही कसं जमवता?

*

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. 2020ला तिसरी होती माझ्याकडे. अभ्यास व्हॉट्सॲपवर टाकायचे. घरात फोन एक, तो वडिलांबरोबर रानात. वहीचे फोटो यायचे रात्री नऊला. एका मुलीच्या वजाबाक्या कायम बरोबर. पोरं वर्गात बसली ती थेट डिसेंबर 2021मध्ये, चौथीत. तिला फळ्यावर 52 वजा 27 दिलं. उत्तर आलं 35. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले होते! फोटोतलं अक्षर ताईचं होतं, ते तेव्हा लक्षात आलं. मग आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे केले आणि एकाचं रबर तिलाच सोडायला लावलं. पुस्तकातला क्यूआर कोड आजही वापरते, कवितेची चाल ऐकवायला. वजाबाकी मात्र काड्यांवर.

*

इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष घरून. वर्कशॉपसुद्धा व्हिडिओवर; जर्नल पूर्ण, सह्या पूर्ण. तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टला सोल्डरिंग करताना दोन पीसीबी (सर्किट बोर्ड) जाळले. थिअरीला मात्र नंतरही लेक्चर बुडवून रेकॉर्डिंगच बघायचो, दीडपट वेगाने. सर, माफ करा.

*

पुण्यात तबल्याचा क्लास, शिवाय न्यू जर्सीची तीन मुलं ऑनलाइन. आवाज पोचायला जरा उशीर होतो, तेवढ्यात माझी सम (तालाची पहिली मात्रा) इथे आणि त्यांची तिथे. साथीनं वाजवणं विसरा. म्हणून लेहरा (ताल धरायला सतत फिरणारी धून) त्यांच्याकडेच लावतात, मी नुसता ऐकतो. डग्ग्याची आस, म्हणजे थापेनंतर घुमत राहणारा नाद, तर ऐकूच यायची नाही; व्हिडिओ कॉल ती गोंगाट समजून कापतो. सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करायचा असतो, हे कळायला मला सहा महिने लागले. तोवर पोरांना उगाच ओरडत होतो, घुमारा का येत नाही म्हणून! उन्हाळ्यात भारतात आली की पंधरा दिवस रोज समोर बसवतो. हाताची ठेवण तेव्हाच सुधारते.

*

धागाकर्ता: ‘दीडपट’ वाचून माझं रेकॉर्डिंग काढून पाहिलं. मी फळा पुसतोय तेसुद्धा त्यात आहे. आज बसून कापतो.